जुन्या सेडानच्या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर सुरुवात कुठून? (एस्टीम १.३, मुंबई)

घाटवाट (धागाकर्ता)

गाडी: मारुती एस्टीम व्हीएक्सआय, २००४, १२९८ सीसी, एमपीएफआय. मीटर १ लाख ४२ हजार. सीएनजी किट आहे, जुन्या पद्धतीचं मिक्सरवालं. रोज ठाणे ते बीकेसी, महिन्यातून दोनदा पुणे.

तक्रार: खोपोलीनंतर घाट लागला की एसी आणि चार माणसं घेऊन गाडी चौथ्यात मान टाकते, तिसऱ्यात घेतली तरी ओढ नाही. कंपनीचा आकडा ८५ बीएचपी. मनात असलेली यादी: कोन फिल्टर (बॉक्सशिवायचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर, ४-२-१ हेडर (चार सिलिंडरचे एक्झॉस्ट पाइप आधी दोनात, मग एकात आणणारा), इरिडियम प्लग, आणि जमलंच तर जुन्या बलेनोचं १.६ इंजिन. पैसे कोणत्या क्रमाने घालावेत, कशातून किती मिळतं आणि कशाने काय बिघडतं, हे जाणकारांनी सांगावं.

टॅपेट

यादी सध्या बाजूला ठेवा. वीस वर्षांच्या इंजिनात ८५ पैकी किती उरलेत हे कळल्याशिवाय घातलेला रुपया कुठे गेला ते कधीच कळत नाही. अशा गाड्यांमध्ये दहा-पंधरा घोडे (बीएचपी) नुसत्या झिजेत आणि दुर्लक्षात गेलेले असतात. बाजारात मिळणारा कुठलाही फिल्टर तेवढे देत नाही.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायचं. इंजिन चालवून पूर्ण गरम करा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. चारही प्लग काढा, एकच काढून मोजू नका. फ्युएल पंपाचा रिले काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा. एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, नाहीतर हवाच आत जात नाही आणि आकडा खोटा कमी येतो. गेज लावून पाच-सहा फेरे सेल्फ मारा. साधारण १२ ते १४ किलो यायला हवेत आणि चार सिलिंडरमधला फरक १ किलोच्या आत हवा.

एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिली, इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंगा झिजल्यात. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सारखेच पडलेले असतील तर हेड गॅसकेट. चारही आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

कुर्ल्याचा पाना

टॅपेट यांच्या टेस्टआधी फुकटातल्या तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, अॅक्सिलरेटरची केबल. गाडी बंद असताना कुणाला तरी पेडल जमिनीपर्यंत दाबायला सांगा आणि इनटेकचा पाइप काढून थ्रॉटल बॉडीत डोकवा. पाकळी सपाट, पूर्ण आडवी झाली पाहिजे. जुन्या गाड्यांत केबल ताणून लांब, सैल झालेली असते किंवा जाड रबरी मॅट पेडलखाली अडते, आणि पाकळी पाऊणच उघडते. केबलच्या टोकाला दोन नट असतात, तिथून ढील काढायची. पेडल सोडल्यावर दोन-तीन मिलिमीटर ढील राहू द्या, नाहीतर आयडल चढून बसेल.

दुसरी, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मुंबईतल्या कितीतरी गॅरेजात "गाडी गरम होते" म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. मग इंजिन कधीच नीट तापत नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) वाटतं अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. पिकअप जातो, मायलेज जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जाऊन रिंगा झिजतात. ओळखायचं असं: सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका गरम होतो. नसेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो. मूळ तापमानाचाच बसवा.

तिसरी आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची, ते सीएनजीचं मिक्सर. थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी अॅल्युमिनियमची कडी असते, मधे गळा आवळलेला. गॅस ओढला जावा म्हणून मुद्दाम तशी केलेली असते. पण ती पेट्रोलवर चालतानाही तिथेच असते. घाटात पेट्रोलचं बटण दाबलंत तरी इंजिन आवळलेल्या गळ्यानेच श्वास घेतं. वर डिकीत ६० लिटरच्या लोखंडी टाकीचं ६० किलोच्या आसपास वजन.

ओहम

वरच्यात वीज राहिली. समुद्राच्या हवेत अर्थिंग आधी सडतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर इंजिन ते बॉडीची पट्टी काढा, दोन्ही बाजू सँडपेपरने चकचकीत करा, बसवून वर ग्रीस. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर सरळ नवी. हीच चाचणी फ्युएल पंपाच्या कनेक्टरवर करा. बॅटरीपेक्षा तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसत असेल तर पंप मंद फिरतो आणि वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडतं. खालच्या आरपीएमला मात्र काहीच जाणवत नाही, म्हणून महिनोन्महिने सापडत नाही.

इरिडियम प्लगने ताकद वाढत नाही. ते जास्त टिकतात, बस. कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचे साधे प्लग घ्या, गॅप फीलरने तपासा, इंजिन थंड असताना कोरड्या आट्यांवर टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, लांब पान्याने जोर लावून आटे गेले तर हेड उतरवावं लागतं.

वाफ

कोन फिल्टरबद्दल. मूळ फिल्टरबॉक्स फेंडरच्या बाजूने बाहेरची हवा ओढतो. तो काढून बोनेटखाली उघडा कोन लावला की इंजिन रेडिएटरमागची तापलेली हवा खातं. हवा ३० अंशांऐवजी ४५ अंशांची झाली की तिची घनता जवळपास ५ टक्क्यांनी घटते, म्हणजे ८५ मधले चार घोडे गेले. कोनमुळे मिळतात एक-दोन. आवाज वाढतो, त्यामुळे माणसाला गाडी पळतेय असं वाटतं. मूळ बॉक्स, मूळ कागदी फिल्टर, आणि धुळीच्या रस्त्यावर १० हजार किमीला नवा. बॉक्सच्या झाकणाच्या क्लिपा तुटल्या असतील तर तेवढ्या बदला.

काही जण कोनला लांब पाइप लावून तो बंपरच्या खाली नेतात, थंड हवा मिळावी म्हणून. मुंबईत हे करू नका. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, इथे गुडघाभर पाण्यात तोंड बुडालं की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका झटक्यात इंजिनाचं काम निघतं.

अजून एक, ऑगस्टात गाडी जड वाटते त्यात खोट नाही. ३२ अंश आणि ८० टक्के दमटपणा असेल तर हवेतली साधारण पावणेचार टक्के जागा पाण्याच्या वाफेने घेतलेली असते. तेवढा प्राणवायू कमी. म्हणून सुधारणा मोजायची तर आधीची आणि नंतरची चाचणी सारख्याच हवामानात घ्या.

घाटवाट

आकडे घेतले. कॉम्प्रेशन: १३.१, १२.९, १०.६, १३.०. तिसऱ्यात ऑइल सोडल्यावर १०.९. थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडत नव्हती, केबल ताणून घेतली. थर्मोस्टॅट खरंच नाहीये. क्रँकिंगला अर्थ ०.५ व्होल्ट.

टॅपेट

१०.६ चे १०.९ म्हणजे रिंगा ठीक आहेत, गळती वॉल्व्हमधून. हेड उतरवायची घाई करू नका. सीएनजीवर चाललेल्या इंजिनात हा ठरलेला आजार आहे. पेट्रोलचे थेंब वॉल्व्हला थोडा गारवा देतात, गॅस कोरडा. त्यामुळे एक्झॉस्ट वॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खाली बसत जातो. वॉल्व्ह जितका आत जातो तितका त्याचा दांडा रॉकरकडे (वॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीकडे) वर येतो आणि टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि दांडा यांच्यातली मोकळी जागा, कमी होते. शेवटी फट उरतच नाही, वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन पळतं. आणि मिटलेल्या वॉल्व्हमधून सीटला जी उष्णता जायला हवी ती न गेल्याने वॉल्व्ह जळायला लागतो. लोकांना वाटतं टॅपेट फक्त सैल होतात आणि वाजतात. वाजणारा टॅपेट त्रास देतो, मुका झालेला टॅपेट इंजिन खातो.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर वॉल्व्ह कव्हर काढा. क्रँकच्या नटावर पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. तिथे त्या सिलिंडरचे चारही रॉकर हाताने किंचित हलतात. चारही मोजा. मग क्रँक अर्धा फेरा फिरवून तिसरा, पुन्हा अर्धा फिरवून चौथा, मग दुसरा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचं जे माप आहे त्या जाडीचं फीलरचं पान हलकी ओढ देत सरकलं पाहिजे. नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. सोळा टॅपेट आहेत, दोन तास लागतात. अर्ध्या तासात करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. कव्हरचं रबरी पॅकिंग नवं टाका.

घाटवाट

तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट टॅपेटमध्ये ०.०५ चं पानही शिरलं नाही. रॉकर हातालाही हलत नव्हता. बाकी बहुतेक एक्झॉस्ट मापापेक्षा घट्ट, इनटेक ठीक. सगळे मापाला लावल्यावर तिसरा १२.२ वर आला.

लेथ फेसिंग

१२.२ म्हणजे वॉल्व्ह अजून पूर्ण जळलेला नाही, वेळेत सापडला. ५ हजार किमीने पुन्हा फट मोजा. पुन्हा मिटली असेल तर सीट खचत चाललीय, तेव्हा हेड उतरवा. उतरवलंच तर हे एकदाच करून घ्या: वॉल्व्ह गाइडची ढील, नवे सील, सीट तीन कोनांत कापून लॅपिंग (वॉल्व्ह सीटवर पेस्टने घासून बसवणं). लॅपिंगनंतर वॉल्व्हच्या तोंडावर मळकट राखाडी पट्टा सलग गोल दिसला पाहिजे. कुठे तुटला असेल तर तिथून गळणार. मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं बघा, थेंब आला तर परत.

हेडचा सपाटपणा सरळ पट्टी आणि फीलरने बघा. ०.०५ मिमीच्या वर वाक असेल तरच फेसिंग (हेड घासून सपाट करणं). "जास्त घासू, कॉम्प्रेशन वाढेल" असं सांगतात, त्याचा हिशेब ऐका. बोअर ७४ मिमी. ०.३ मिमी घासलं तर चेंबरचं घनफळ फार तर १.३ सीसीने घटतं. कॉम्प्रेशनचा रेशो ९ असेल तर ९.२५ च्या आसपास जाईल, टक्काभर ताकद. उलट हेड खाली आल्याने टायमिंग बेल्टच्या हिशेबात कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) मागे पडतो, आणि पुढच्या वेळी घासायला धातू उरत नाही.

बोअर करण्याचंही तसंच. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातले तर १२९८ चे १३१६ सीसी होतात. झिजलेल्या सिलिंडरचा तो इलाज आहे, ताकदीचा नाही. तुमच्या रिंगा चांगल्या आहेत, बोअरला हात लावू नका.

भरारी७५

एवढी उठाठेव कशाला? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारी जाळी) काढा आणि सरळ पाइप टाका. तिथेच गुदमरते गाडी.

कुर्ल्याचा पाना

भरारी, कॅट तुंबलेलं असेल तर गुदमरते, धड असेल तर नाही. कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचं भोक १८ मिमी आट्यांचं. सेन्सर काढून तिथे अडॅप्टरने प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर गेलं तर कॅट तुंबलंय. तेव्हा बदला, पण कॅटच टाका, आणि ते का तुंबलं ते आधी शोधा. बहुतेक वेळा मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल आत पेटून जाळी वितळलेली असते.

कॅट काढल्यावर पीयूसी अवघड जाते. २००४ ची मुंबईची गाडी बीएस-२ आहे, आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) ७५० पीपीएमच्या आत हवं.

हेडर आणि सायलेन्सरबद्दल: ४-२-१ हेडर मधल्या आरपीएमला उपयोगी आहे, पण चार-पाच घोड्यांच्या वर आशा नको, तेही बाकी सगळं ठणठणीत असेल तर. पाइप जाड केला की ताकद वाढते हा समज चुकीचा. एवढ्या इंजिनाला पावणेदोन इंच पुरे. अडीच इंची पाइपात गॅसचा वेग मरतो, आणि वेगाने बाहेर जाणारा झोतच मागचा गॅस खेचून घेत असतो. खालची ओढ जाते आणि गाडी सिग्नलला उठत नाही.

घाटवाट

आणि बलेनोचं इंजिन?

वाफ

बसतं, हे खरं. जी१६बी, १५९० सीसी, ९४ बीएचपी, बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोकमुळे खालचा टॉर्क छान. पण कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. २००४ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत उभी राहणार, तिथे इंजिन नंबर आणि सीसी बघतात. अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते ते वेगळं. नऊ घोड्यांसाठी मी हे करू देणार नाही.

सीएनजी किट काढणार असाल तर तेही आरसीवरून उतरवून घ्या. किट नाही आणि आरसीवर सीएनजी, असं ठेवू नका.

ओहम

पेट्रोलचाही विषय काढतो. आता पंपावर ई२० मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणून ई२० मध्ये सहा-सात टक्के कमी. हवा-पेट्रोलचं प्रमाणही बदलतं: पेट्रोलला १४.७, ई२० ला साडेतेराच्या जवळ. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ही उणीव भरून काढतो. पूर्ण अॅक्सिलरेटरला मात्र तो सेन्सरकडे न बघता आतल्या तक्त्याने चालतो, आणि मिश्रण बेताचं पातळ होतं. इंजेक्टर अर्धवट तुंबलेले असतील तर जास्तच. म्हणून इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक करून घ्या आणि आधी-नंतरचा फ्लो काचेच्या नळ्यांत डोळ्यांनी बघा; चारांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. खालचे ओ-रिंग नवे. टाकीपासूनचे रबरी पेट्रोल पाइपही इथेनॉलला चालणारे टाका. जुने पाइप दाबल्यावर चिरा दिसत असतील तर त्यावर गाडी चालवूच नका, आगीचा प्रश्न आहे.

९५ च्या वरच्या ऑक्टेनचं महाग पेट्रोल या इंजिनात पैसे वाया. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग न होता दाब सहन करायची क्षमता. इथे नॉकिंगच नाही तर मिळणार काय?

पिगीबॅक ईसीयू (मूळ ईसीयूला जोडून त्याचे आकडे बदलणारा डबा) सगळ्यात शेवटी, आणि वाइडबँड सेन्सर (मिश्रण अचूक मोजणारा) लावून डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, ट्यून करणारा माणूस मिळाला तरच. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण लॅम्डा ०.८५ ते ०.८८ मध्ये हवं (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त). अंदाजाने ठिणगीचं टायमिंग पुढे ओढून दिलं तर पिस्टनची रिंगपट्टी (रिंगांमधली कड) तुटते.

टॅपेट

गिअरचं कुणीच बोललं नाही. या इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर, तो ४५०० आरपीएमला. २५०० वर गाडी ओढत असाल तर १०५ धरला तरी हाताशी जेमतेम ३७ घोडे असतात. तीच गाडी खालच्या गिअरमध्ये ४५०० वर आणली की ७०. घाटात चौथ्यात मान टाकेपर्यंत थांबू नका, चढ लागण्याआधीच तिसरा टाका आणि ४००० च्या खाली येऊ देऊ नका. कूलिंग नीट असेल तर इंजिनाला त्याचा काही त्रास नाही.

टायर १७५/७० आर१३ च ठेवा. १५ इंची अलॉय वजनदार असतात आणि ते वजन फिरवायलाही ताकद जाते. चारही चाकं जॅकवर हाताने फिरवून बघा. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना गंजून ब्रेक चिकटलेले असतात.

घाटवाट

क्रम असा ठरवतोय: थर्मोस्टॅट, अर्थची पट्टी, मिक्सर आणि किट काढणं, इंजेक्टर, पेट्रोल पाइप. हेडर नंतर. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद नाही.

लेथ फेसिंग

मग बेल्ट सगळ्यात आधी. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. रबर किमीनेही जातं आणि वयानेही. त्याच वेळी टेन्शनर बेअरिंग, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, वॉटर पंप. मजुरी एकच आहे. बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, आयडलही बरं लागतं, फक्त ओढ नसते. जुना बेल्ट काढण्याआधी खुणा जुळतात का तेही बघून ठेवा. आत्ताच एक दात मागे असेल, तर घाटातल्या तक्रारीचा उरलेला भाग तिथेच सापडेल.

घाटवाट

वरचं कव्हर काढून पाहिलं. क्रँकची खूण शून्यावर आणली तर कॅमची खूण एक दात मागे आहे. बेल्ट, टेन्शनर, दोन्ही सील आणि पंप ऑपेरा हाऊसहून आणतो. फिरवून झाल्यावर कॉम्प्रेशनचे चारही आकडे पुन्हा टाकतो.